तीन डॉलर पगार, आणि तो शिपायापर्यंत पोचायची वाट

प्रश्न असा आहे: १७८९ नंतर अमेरिकेच्या सरकारकडे जकातीचा पैसा येऊ लागला, खजिनामंत्री म्हणून अलेक्झांडर हॅमिल्टनसारखा माणूस होता, तरी सीमेवरच्या शिपायांचे पगार महिनोन्‌महिने का थकत? यावर एका सदस्यांनी लिहिलंय की फौजेला माल पुरवणाऱ्या ठेकेदारांनी पैसे खाल्ले, विषय संपला. खाल्ले हे खरंच आहे. पण माझी सगळी नोकरी हिशेब खात्यात गेली, आणि असं काही वाचलं की मी आधी खाणाऱ्याला वाट कुणी मोकळी ठेवली ते शोधतो.

आधी पगार बघू. ३० एप्रिल १७९० च्या कायद्यानं साध्या शिपायाला महिना ३ डॉलर ठरले. त्यातून ९० सेंट गणवेशाचे आणि १० सेंट दवाखान्याच्या सामानाचे कापायचे, म्हणजे हातात २ डॉलर. शिधा सरकारचा: रोज एक पौंड गोमांस किंवा पाऊण पौंड डुकराचं मांस, एक पौंड पाव किंवा पीठ आणि साठेक मिलिलिटर दारू. मीठ, व्हिनेगर, साबण, मेणबत्त्या दर शंभर शिध्यांमागे मोजून. शंभर माणसांच्या दिवसाला साबण दोन पौंड, मेणबत्त्या एक पौंड. कायदा करणाऱ्यांनी साबणाच्या तुकड्यापर्यंत विचार केला होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. हेतूत खोट नव्हती.

अडचण पुढे होती. पगार निघायचा तर आधी मस्टर हवं. रोजगार हमीच्या कामावर आपण ज्याला मस्टर म्हणतो, तोच हा शब्द, मूळचा फौजेतलाच. तुकडीतला कोण हजर, कोण आजारी, कोण पळाला, कोण मेला, याची यादी ओहायो नदीकाठच्या गढीत तयार व्हायची. ती ॲलेगेनी डोंगर ओलांडून फिलाडेल्फियाला, म्हणजे तेव्हाच्या राजधानीला जायची. तिथे तपासणी, मंजुरी, आणि मग पैसा त्याच वाटेनं उलटा: पिट्सबर्गपर्यंत खुष्कीनं, पुढे होडीतून. उन्हाळ्याच्या अखेरीस नदीचं पाणी उतरलं की होड्याही अडायच्या. तोवर कुणाची मुदत संपलेली, कुणाची बदली झालेली, कुणी मातीआड गेलेला. पैसा आला तरी यादी जुळायची नाही, आणि यादी जुळल्याशिवाय पैसा द्यायचा नाही. हिशेब खात्यात काम केलेल्या कुणालाही ही गाठ ओळखीची वाटेल.

आता १७९१ चं वर्ष घ्या. जनरल सेंट क्लेअर यांची वायव्येतल्या, म्हणजे ओहायो नदीपलीकडच्या, मूळ रहिवाशांच्या जमातींविरुद्धची मोहीम. शिध्याचा ठेका विल्यम ड्युअरकडे होता. हा माणूस आधी खजिना खात्यातच हॅमिल्टनच्या हाताखाली होता, आणि युद्धमंत्री हेन्री नॉक्स यांच्याबरोबर ईशान्येकडच्या मेन प्रांतातल्या जमिनींच्या व्यवहारात त्याची भागीदारी होती. सरकारनं आगाऊ दिलेली रक्कम त्यानं स्वतःच्या सट्ट्यात फिरवली. क्वार्टरमास्टर जनरल, म्हणजे फौजेच्या सामानाचे मुख्य अधिकारी, सॅम्युएल हॉजडन फोर्ट वॉशिंग्टनला, म्हणजे आजच्या सिनसिनाटीला, पोचले ते थेट सप्टेंबरात. तोवर मोहिमेचा हंगाम जवळजवळ हातचा गेला होता. तंबू गळके, दारूगोळा निकृष्ट. ४ नोव्हेंबरच्या सकाळी जमातींनी हल्ला केला आणि सहाशेहून जास्त सैनिक मारले गेले. काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, चौकशी समिती नेमली आणि तिनं ठेकेदारावर व क्वार्टरमास्टरवर ठपका ठेवला. ड्युअर १७९२ च्या मार्चमध्ये तुरुंगात गेला, पण कर्जापायी. फौजेच्या शिध्यापायी नाही. हे वाचून मला आजही संताप येतो.

मे १७९२ मध्ये कायदा बदलला. फौजेची सगळी खरेदी खजिना खात्याकडे गेली, युद्ध खात्यात स्वतंत्र हिशेबनीस आला आणि फौजेच्या तळाजवळच राहणारा पगार अधिकारी नेमायचं ठरलं. या जागेवर केलेब स्वान आले आणि १८०८ पर्यंत राहिले. माझ्या मते त्या कायद्यातलं सगळ्यात शहाणं कलम हेच. पैसा वाटणारा माणूस शिपायाच्या डोळ्यांसमोर असला की निदान विचारायला तरी कुणी असतं.

खरेदीचं मात्र बिघडलंच. माल हवा एकाला, विकत घेणार दुसरा, पोचवणार तिसरा. १७९५ मध्ये खरेदीसाठी वेगळा अधिकारी नेमला, तोही खजिन्याच्या हाताखाली. १७९८ मध्ये अधिकार पुन्हा युद्ध खात्याकडे. गंमत नव्हे, पण लक्षात ठेवण्यासारखं आहे की १७९९ मध्ये खुद्द हॅमिल्टन, आता फौजेचे इन्स्पेक्टर जनरल म्हणून, युद्धमंत्री मॅकहेन्रींकडे टोप्यांची तक्रार करत होते: टोप्या आल्या, पण कडा वर दुमडून बसवायच्या फिती-गुंड्याच नाहीत. शिध्याचा ठेका तर ब्रिटनशी झालेल्या १८१२ च्या युद्धातही तसाच चालू होता. तो मोडून १८१८ मध्ये फौजेचं स्वतःचं शिधा खातं उभं राहिलं.

कागदाचं एक शेवटचं सांगायचं राहिलं. नोव्हेंबर १८०० मध्ये वॉशिंग्टनमधल्या युद्ध कार्यालयाला आग लागली आणि तिथली दप्तरं जळाली. १८१८ मध्ये स्वातंत्र्ययुद्धातल्या गरजू म्हाताऱ्या शिपायांना महिना ८ डॉलर पेन्शन मंजूर झालं, तेव्हा कितीतरी जणांच्या नोकरीचा सरकारी पुरावाच उरलेला नव्हता. मग न्यायालयात उभं राहून शपथेवर सांगायचं: अमुक कॅप्टनच्या तुकडीत होतो, अमुक लढाईत होतो. जुना सोबती जिवंत असेल तर त्याची साक्ष. १८२० पासून गरिबीही सिद्ध करावी लागली, घरातल्या चीजवस्तूंची यादी जोडून. त्या याद्या जपून ठेवलेल्या आहेत. एखादी गाय, एक जुनी किटली, दोन-चार खुर्च्या, आणि खाली सही येत नसेल तर फुली.