चार सीझन बेंचवर बसलास, तेच तुझं कोचिंगचं शिक्षण

भाऊ, तुझा प्रश्न दोनदा वाचला. तू २८ चा, डिपार्टमेंटच्या फुटबॉल टीममध्ये चार सीझन सेकंड गोलकीपर, त्यात मॅच मिळाल्या सगळ्या मिळून सात, आता खांदा दुसऱ्यांदा निखळला, डॉक्टरनं डाइव्ह मारणं बंद सांगितलं आणि तू विचारून राहिला की कोचिंगमध्ये जाऊ का, त्यात पैसे मिळतील का, पण जो स्वतःच बेंचवर बसला त्याचं पोट्टे काऊन ऐकतील. बाकीच्यांनी उत्तरात "पॅशन फॉलो कर" वगैरे लिहिलंय, त्यानं तुझं काही होणार नाही. मी जरा लांबड लावतो, चहा घेऊन बस.

माझं आधी सांगतो म्हणजे कोण बोलून राहिला ते कळेल. मी पण कीपर. नागपूर लीग खेळलो, कामठीच्या टुर्नामेंटा खेळलो, तिथं तर लोक भिंतीवर, झाडावर चढून मॅच बघायचे आणि गोल खाल्ला की गोलपोस्टच्या मागून जे ऐकू यायचं ते इथं लिहिता येत नाही. स्टेटच्या कॅम्पला दोनदा गेलो, दोन्ही वेळा शेवटच्या यादीत नाव नाही. आता अकरा वर्षं झाली पोरांना शिकवून राहिलो.

आता बेंचचं. तुला ती लाज वाटून राहिली ना, मला तोच तुझा सगळ्यात मोठा प्लस पॉइंट वाटतो. नुनो एस्पिरितो सांतो माहीत असेल, इंग्लंडच्या नॉटिंगहॅम फॉरेस्टला २०२४-२५ मध्ये लीगमध्ये सातव्या नंबरवर आणून युरोपियन स्पर्धेत नेलं तो कोच. हा माणूस पोर्तुगालच्या पोर्टो क्लबात व्हितोर बायाच्या मागं सेकंड कीपर होता. २००४ ला पोर्टोनं चॅम्पियन्स लीग जिंकली तेव्हा कोच मोरिन्यो, आणि हा बेंचवर बसून ते सगळं बघून राहिला होता. त्याच वर्षी डिसेंबरात योकोहामाला इंटरकॉन्टिनेंटल कपची फायनल होती, मॅच संपता संपता बायाचा त्रास सुरू झाला, छातीत धडधड, त्याला बाहेर घेतलं आणि नुनो थंड अंगानं आत गेला आणि पेनल्टी शूटआऊटमध्ये उभा राहिला. पोर्टो जिंकलं. सेकंड कीपरचं आयुष्य म्हणजे हेच, वर्षभर कोणी विचारत नाही आणि मग एकदम "चल, उठ". पुढं कोच म्हणून त्यानं वुल्व्ह्जला २०१८ मध्ये प्रीमियर लीगमध्ये चढवलं.

लोपेतेगी घे. बार्सिलोनात तीन सीझन दुसरा-तिसरा कीपर, स्पेनकडून एकच इंटरनॅशनल मॅच, ती पण सब म्हणून, १९९४ च्या वर्ल्ड कपला गेला आणि एक मिनिट खेळला नाही. तोच माणूस पुढं स्पेनचा कोच झाला (२०१८ च्या वर्ल्ड कपला स्पेनच्या पहिल्या मॅचच्या दोन दिवस आधी हाकलला गेला ती वेगळी ष्टोरी, रिआल माद्रिदची ऑफर घेतली म्हणून) आणि २०२० ला सेव्हियाला युरोपा लीग जिंकून दिली.

यांच्यात आणि तुझ्यात फरक आहे हाव, मान्य, ते युरोपात आणि आपण नागपुरात. पण बेंचवरून जे दिसतं ते सगळीकडं सारखंच दिसतं. खेळणाऱ्याला आपल्या जागेपुरतं दिसतं. तुला चार सीझन काय दिसलं? हाफटाइमला कोच काय बोलला आणि त्याचा कोणावर काय परिणाम झाला, कोणता डिफेंडर सत्तराव्या मिनिटानंतर रेषा सोडतो, लेफ्ट बॅक रागावल्यावर नीट खेळतो का बिघडतो. हे तुला फुकटात मिळालं. नंबर वन कीपरला हे मिळत नाही, तो आपल्याच टेन्शनमध्ये असतो. उलट मी नेहमी नंबर वन होतो आणि कोचिंग सुरू केल्यावर मला कळलं की मला फक्त माझी पेनल्टी बॉक्स माहीत आहे.

आता कडू बोलतो. कीपरचा एक मोठा प्रॉब्लेम आहे आणि तो कोणी सांगत नाही. कीपरला पूर्ण मैदान दिसतं, कीपर जन्मजात कोच असतो, असं सगळे म्हणतात. अर्धंच खरं आहे. कीपरला खेळ फक्त समोरून दिसतो. बॉल नेहमी आपल्याकडं येऊन राहिलेला. गोलकडं पाठ करून, मागं डिफेंडर चिकटलेला असताना बॉल घ्यायचा कसा, हे कीपरनं जन्मात कधी केलेलं नसतं.

माझी फजिती सांगतो. पहिल्यांदा अंडर-१३ ची पूर्ण टीम हाती आली. एक बारकं पोट्टं, सेंटर फॉरवर्ड, विचारते, "सर, मागून धक्का देऊन राहिला तर बॉल कुठल्या पायावर घेऊ?" मी उभाच. मला त्याला अडवायचं कसं ते माहीत होतं, अँगल कसा कमी करायचा, कधी बाहेर निघायचं, कधी पोस्टवर थांबायचं, त्यावर दोन तास बोललो असतो. पण त्याच्या जागेवरून काहीच माहीत नाही. "पायावर घे" असं काहीतरी बोललो. पोट्टं हसलं नाही, ते जास्त लागलं. त्या रविवारी कामठीच्या एका जुन्या फॉरवर्डकडं गेलो, ज्यानं मला तीन वेळा नटमेग मारला होता, म्हणजे माझ्या दोन पायांमधून बॉल काढला होता, आणि त्याला म्हटलं बाबा शिकव. त्यानं आधी पोटभर हसून घेतलं आणि मग दोन महिने शिकवलं. बॉल यायच्या आधी खांद्यावरून मागं बघायचं, शरीर आडवं ठेवायचं, डिफेंडरपासून लांबच्या पायावर घ्यायचा, हात किती लांब ठेवला तर रेफ्री शिट्टी मारत नाही. पस्तिशीत मी हे शिकलो. आपल्या भारताच्या टीमचे जुने कीपर पीटर थंगराज सुरुवातीला सेंटर फॉरवर्ड होते आणि मग कीपर झाले म्हणतात, तो उलटा रस्ता मला आता लय भारी वाटतो.

म्हणून माझं एकच सांगणं, बाकी विसरलास तरी चालेल. गोलकीपर कोच म्हणून सुरुवात करू नको. सगळे तुला तेच करायला लावतील. ग्राउंडच्या कोपऱ्यात तीन पोट्टे, एक बॉलची जाळी, आणि तू दिवसभर त्यांच्या छातीवर बॉल मारून राहिला. हेड कोच तिकडं टीम बसवतो, तुला मीटिंगला कोणी बोलवत नाही, आणि दहा वर्षांनी पण तू कोपऱ्यातच. त्या कामाला कमी समजत नाही मी, सेप मायर १९७४ चा वर्ल्ड कप जिंकलेला माणूस, पुढं बायर्न आणि जर्मनीचे कीपर घडवले, ऑलिव्हर कान त्याच्याच हाताखाली तयार झाला. फ्रान्स हूक तर नेदरलँड्सच्या फोलेंडाम क्लबचा साधा कीपर, पण कीपर कोचिंगमध्ये त्याचं नाव जगात. २०१४ च्या वर्ल्ड कपला नेदरलँड्सनं कोस्टा रिकाविरुद्ध एकशेविसाव्या मिनिटाला कीपर सिलेसनला काढून दुसरा कीपर क्रुलला आत टाकलं, क्रुलनं दोन पेनल्टी अडवल्या, त्या स्टाफमध्ये हूक होता. सिलेसनला आधी सांगितलंच नव्हतं, त्यानं रागात बाटलीला लाथ मारली. कोच झालास की त्या बाटलीचा पण विचार करावा लागतो, फक्त क्रुलचा नाही. पण हूकसारखं बनायला आधी टीम कळावी लागते.

तर कर काय? आधी एआयएफएफचा (भारताची फुटबॉल संघटना) कोचिंगचा ई आणि मग डी लायसन्स कर, आपल्याकडं विफा (महाराष्ट्राची संघटना) घेते, तारखा बघत राहायच्या. ते झालं की सी, मग बी, ए आणि प्रो, आयएसएल म्हणजे देशातल्या वरच्या लीगमध्ये हेड कोचला प्रो लागतं, पण ते तुझ्यासाठी आत्ता चंद्रावरचं आहे, डोक्यातून काढ. गोलकीपिंगचे वेगळे कोर्स असतात, ते डीच्या आधी करू नको, नंतर कर. आणि कोर्स चालू असतानाच एखादी बारक्या पोरांची पूर्ण टीम घे, अकरा-बारा वर्षांची, कीपर नाही, टीम. शाळा नाही म्हणाली तर वस्तीत घे. विजय बारसे सरांनी २००१ ला वस्तीतल्या पोरांसाठी स्लम सॉकर सुरू केलं ते पावसात फुटकी बादली लाथाडणारी पोरं बघूनच, तुझ्याकडं तर बॉल आहेत.

पहिल्या सहा महिन्यांत तू एक चूक करशीलच, मी पण केली, तरी सांगून ठेवतो. कीपरला ओरडायची सवय असते. "अवे", "मॅन ऑन", "वन मोअर", "लेफ्ट लेफ्ट लेफ्ट", नव्वद मिनिटं तोंड चालू. टचलाइनवर गेल्यावर हे बंद होत नाही. मी एका शाळेच्या टीमसोबत होतो, अंडर-१५ ची मॅच, माझा कीपर चांगला पोट्टा, उंच, हात मऊ. प्रत्येक क्रॉसला मी बाहेरून ओरडायचो "निघ!" किंवा "थांब!". दुसऱ्या हाफमध्ये क्रॉस आला, पोट्ट्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मग बॉलकडं. तेवढ्यात लांबच्या पोस्टवर हेडर आणि गोल. परत पाच मिनिटांनी तेच. दोन्ही गोल माझे. घरी येताना गाडीवर मागं बसून तो मलाच सॉरी म्हणून राहिला होता, मला काय बोलावं सुचेना. त्या दिवसापासून क्रॉस उडाला की मी खिशात हात घालतो, अक्षरशः, आणि ओठ चावतो. तुला हे जमायला वर्ष लागेल. इटलीचा कीपर दिनो झोफ १९८२ ला चाळिसाव्या वर्षी कॅप्टन म्हणून वर्ल्ड कप जिंकला, मैदानात सगळं त्याच्या हातात होतं, आणि कोच म्हणून युरो २००० च्या फायनलला इंज्युरी टाइमपर्यंत पुढं असताना फ्रान्सच्या विल्तोर्दनं बरोबरी केली आणि मग त्रेझेगेनं गोल्डन गोल मारला, म्हणजे जादा वेळेतला तो गोल पडताच मॅच खलास. वर इटलीचा पुढारी बर्लुस्कोनीनं जाहीर टीका केली, झोफनं राजीनामा टाकला. बाहेर उभं राहिलं की ग्लोव्हज काही कामाचे नाहीत.

नियमांचं पण बघ, कीपरचेच नियम सगळ्यात जास्त बदलून राहिलेत आणि आपल्या लोकल टुर्नामेंटांत अर्ध्यांना पत्ता नसतो. १९९२ पासून बॅकपास हातात घेता येत नाही, हे तर पोट्ट्यांना पण माहीत आहे. २०१९ पासून गोलकिक बॉक्सच्या आत आपल्याच प्लेअरला देता येते आणि पेनल्टीला एक पाय लाइनवर असला तरी चालतो. २०२५ पासून कीपरनं बॉल आठ सेकंदांच्या वर धरला तर समोरच्याला कॉर्नर. म्हणजे खेळ आता कीपरपासून सुरू होतो, पायानं. हेच तुझ्या फायद्याचं आहे, कारण बिल्डअप, म्हणजे मागून पास देत खेळ उभा करणं, बसवताना कीपरला काय भीती वाटते हे मिडफिल्डर कोचला कळत नाही, तुला कळेल.

कीपर पोरं हाती आली तर आपल्या ग्राउंडची एक गोष्ट. आपल्याकडं मुरूम आणि कडक माती, मेमध्ये पंचेचाळीस डिग्री. यूट्यूबवरचे हिरव्या गवतावरचे ड्रिल जसेच्या तसे करायला लावू नको, पोट्ट्याचं ढोपर आणि कूल्हा सोलून निघतो आणि मग तो आयुष्यभर डाव्या बाजूला पडायला घाबरतो. आधी बसून पडायला शिकव, मग गुडघ्यावरून, मग उभं राहून, शक्य झालं तर वाळूत किंवा जुन्या गादीवर. सकाळी सातच्या आत गुंडाळ. आणि ग्लोव्हज उन्हात वाळवायचे नाहीत, लॅटेक्स कडक होऊन पापडासारखं तुटतं, साध्या पाण्यानं धुवून सावलीत. लेकाचे बापाकडून महागाचे ग्लोव्हज मागतात आणि गाडीच्या डिक्कीत कोंबतात.

पैशाचं विचारलंस म्हणून. नोकरी सोडू नको. सरळ सांगतो, मला पहिली दोन वर्षं पेट्रोल निघालं तरी मी खूश होतो. डिपार्टमेंटची नोकरी आहे ना, ती धरून सकाळचा ग्राउंड कर, खेळाडू म्हणून मिळणारी सवलत संपली तर ऑफिसात भांडायला जाऊ नको, शिफ्ट मागून घे. एका क्लबनं मला सहा महिने शिकवायला लावून शेवटी टीशर्ट दिला होता, अजून आहे घरी, गाडी पुसायला कामी येतो.

आणि पोट्टे काऊन ऐकतील या प्रश्नाचं. अरे बाबा, बारा वर्षांच्या पोराला तुझ्या सात मॅच माहीतच नसतात. त्याला एवढंच दिसतं की सर वेळेवर येतात का आणि माझं नाव लक्षात ठेवतात का. विचारलंच कोणी तर खरं सांग, बेंचवर होतो म्हणून. मोठ्या पोरांच्या टीममध्ये तर बेंचवरचे चार-पाच जण असतातच, त्यांच्याशी कसं बोलायचं हे तुझ्याएवढं कोणाला माहीत असणार?

रविवारी सकाळी साडेपाचला रेशीमबागेच्या ग्राउंडवर असतो मी, पोट्ट्यांची फाइव्ह-अ-साइड असते. एक मेंबर कमी आहे, फॉरवर्डला. खांद्याला पट्टा बांधून ये, गोलकडं पाठ करून उभा राहा आणि बघ काय होते. येताना ग्लोव्हज आणू नको.