एम.एस्सी. झाल्यावर महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षक व्हायला बी.एड. लागतंच का?

हो, नववी-दहावीला शिकवायचं तर लागतंच. 2015 पासून अभ्यासक्रम दोन वर्षांचा झालाय. प्रवेश राज्याच्या सीईटीतून. थिअरी कशीही निघते, खरा कस लागतो तो शाळेतल्या इंटर्नशिपमध्ये. पाठ टाचण काढून वर्गावर जायचं, मागच्या बाकावर मार्गदर्शक निरीक्षणं लिहीत बसलेले. अपवर्तन शिकवताना ग्लासातल्या पाण्यात पेन्सिल बुडवून दाखवा, पोरं आपणहून प्रश्न विचारतात. नुसती व्याख्या फळ्यावर लिहिली की वर्ग हातचा जातो. म्हणून सराव पाठ मनापासून घेणारंच कॉलेज निवडा, घरबसल्या हजेरी लावणारं नको, कितीही जवळ असलं तरी. पुढे पवित्र पोर्टलवरच्या, म्हणजे राज्याच्या ऑनलाइन शिक्षक भरतीसाठी अभियोग्यता चाचणी, म्हणजे टेट. सहावी ते आठवीला शिकवायचं असेल तर टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपरही.