नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, तरी दर वेळी साबणानंच हात धुवायचे का? सॅनिटायझरवर भागणार नाही का?

धुवायचे. पाणी साठवून वापरणाऱ्या घरात तर जास्तच, कारण एकाचा घाण हात तांब्यासकट पिंपात गेला की पुढचे आठ दिवस अख्खं घर तेच पितं. सॅनिटायझरचं सांगतो, पण आधी माझं ऐकावं लागेल. मी अंबाजोगाईकडचा, लग्नाच्या आणि सप्त्याच्या पंगतीचा आचारी आहे, आणि या विषयावर माझं डोकं २०१९ पासून तापलेलं आहे.

त्या वर्षी चैत्रात बहिणीच्या सासरच्या गावात हनुमान जयंतीचा सप्ताह होता. गावाला टँकर चालू. काल्याच्या जेवणाला गव्हाची खीर माझ्याकडं होती. रात्रभर पितळी पातेल्यात शिजवली, गूळ-सुंठ-खोबरं घातलं, आणि पहाटे चारला टबांत काढली. मग जरा आडवा झालो. तेवढ्यात गावातली पोरं मदतीला आली. खीर निवून घट्ट झाली होती, गुठळ्या धरल्या होत्या. त्यातल्या एकानं दूध ओतलं आणि बाही वर सारून कोपरापर्यंत हात घालून गुठळ्या मोडल्या. त्याच्या बोटाला विळा लागलेला, वरून चिंधी, चिंधी पिवळी पडलेली. आणि हा गडी परसाकडून थेट मंडपात आलेला. मी उठलो तेव्हा तो हात चाटत होता.

म्हणलं, "आरं, हात धुतला का?" तर म्हणतो, "मामा, प्यायला पाणी नाही अन् तुमी हात धुवायचं काढलं!" सगळे हसले. मीही गप्प बसलो.

कीर्तन लांबलं, पंगत एकला बसली. सांजच्याला चार-पाचच्या सुमारास लेकरं ओकायला लागली. दिवस मावळेपर्यंत साठ-सत्तर माणूस आडवं, आठ-दहा जणांना सलाईन. दोन दिवसांत सगळे उठले, पण तोवर निकाल लागला होता: आचाऱ्याच्या पातेल्याला कल्हई नव्हती. हे पहिल्यांदा बोलले आमचे दाजी. पारावर बसून, चारचौघांत.

आता ज्याला पितळेतलं कळतं त्यानं सांगावं. कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट ठेवलं तर ते कळकतं. ताक, चिंचेचं सार. त्याची चव आधी जिभेला लागते, आणि पोट ढवळायचं तर लगेच, बहुतेक ताटावरून उठायच्या आतच. इथं तीन-चार तासांनी उलट्या सुरू झाल्या. सलाईन लावणाऱ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "कुणाच्या हाताला जखम होती का?" पिकलेल्या जखमेत स्टॅफिलोकॉकस नावाचे जंतू असतात. दुधाच्या कोमट पदार्थात ते काही तासांत वाढतात आणि विष सोडतात. ते विष पुन्हा उकळलं तरी जात नाही. मी हे पारावर जाऊन सांगितलं. दाजी म्हणाले, "डॉक्टरला काय कळतंय पातेल्यातलं?"

हे नवीन नाही. १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरनं प्रेतं चिरून थेट बाळंतिणींकडं जाणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले. बाळंतिणी मरायच्या झपाट्यानं कमी झाल्या. तरी मोठमोठे डॉक्टर त्याच्यावरच उलटले, आणि बिचारा १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात मेला. मग दाजींचं काय घेऊन बसायचं.

तर सॅनिटायझर. बसमध्ये, बाजारात ठीक आहे. पण शेणामातीच्या, तेलकट हाताला त्याचा उपयोग नाही, आणि उलट्या-जुलाबाचे काही विषाणू त्याला दाद देत नाहीत. साबण मळ आणि जंतू हातावरून सोडवतो, पाणी ते वाहून नेतं. गरम पाणी लागत नाही. आणि पाण्याचा बाऊ करू नका. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते दिवस आम्हीही काढलेत. हात भिजवायला घोटभर पाणी लागतं. वीस सेकंद चोळायला थेंबही लागत नाही, तेवढा वेळ धार बंद ठेवायची. धुवायला अर्धा तांब्या पुष्कळ झाला. खाली घमेलं ठेवा, ते पाणी संडासात टाका. आपल्याकडं उलटंच चालतं: जेवणाआधी नळाखाली चार बोटं ओली करायची आणि जेवण झाल्यावर तेलकटपणा जावा म्हणून साबण लावून खसाखसा धुवायचे! संडासाहून आल्यावर, कणीक मळायच्या आधी, लेकराला भरवायच्या आधी, एवढं तरी सोडू नका. फवारणी करून आल्यावर तर सांगायलाच नको.

आता खरं बोलायचं तर खीर कुणी तपासली नाही, त्यामुळं हातच कारण होता हे मी कागदावर दाखवू शकत नाही. पिकलेल्या जखमेला नुसत्या साबणानं भागतही नाही, अशा माणसाला अन्नाला हातच लावू द्यायचा नसतो. आणि खीर पहाटेपासून एकपर्यंत चैत्राच्या उन्हात टबात राहिली, मी झोपलो होतो, हे माझ्याकडं लागतं. टँकरचं पाणीच खराब असेल तर धुतलेले हातही काय करणार. पण कल्हई? ती मी पाडव्याच्या आधी करून घेतली होती.

आता माझ्या मंडपात तोटीचा ड्रम आणि साबण असतो, आणि हात धुतल्याशिवाय वाढप्याच्या हाती वगराळं देत नाही. काही यजमान तोंड वाकडं करतात. करू द्या.

दाजी, तुम्ही हे वाचत असाल तर कल्हईवाल्याचा नंबर माझ्याकडं अजून आहे. हवा तर मागून घ्या.