तुर्कस्तानातल्या काशला निवांत राहायचंय. काय लक्षात ठेवू?

दालामान विमानतळ अंतालियापेक्षा जवळ पडतो, साधारण 150 किलोमीटर. काशमध्ये वाळूचा किनारा शोधू नका. ब्यूक चाकिल किनाऱ्यावर नुसते गोटे, शिवाय गोड्या पाण्याचे गार झरे तिथेच समुद्रात मिळतात. भर जुलैत पाय टाकला तरी शिरशिरी येते. रबरी बूट न्याच, खडकांवर काटेरी समुद्री जीव चिकटलेले असतात. कापुताश किनाऱ्याला काल्कान गावाकडे जाणारी दोल्मुश (आपल्याकडची वडापच) सोडते. पुढे दीडशेहून जास्त पायऱ्या, म्हणून सकाळीच जा. समोरचं मेइस बेट ग्रीसचं, जेमतेम अर्ध्या तासावर. पण शेंगेन व्हिसा लागतो, आणि तुर्कस्तानचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर परत येताना अडकाल. शुक्रवारचा आठवडी बाजार मात्र चुकवू नका.