प्लाझ्मिडचा नकाशा तपासताना

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा प्लाझ्मिडचा, म्हणजे जिवाणूत राहणाऱ्या गोल डीएनएचा, नकाशा पाहिला. रंगीत बाण, नावं, एन्झाइमच्या (डीएनए कापणाऱ्या प्रथिनांच्या) जागा, सगळं नीटनेटकं आहे. पण तू चित्र पाठवलंस आणि चित्रावरून प्लाझ्मिड तपासता येत नाही. जेनबँक स्वरूपातली फाइल पाठव. तिच्यात सीक्वेन्स, म्हणजे डीएनएच्या ए, टी, जी, सी या अक्षरांचा क्रम, असतो आणि त्यावरच्या नोंदीही असतात. फास्टा फाइलमध्ये नुसती अक्षरं राहतात, नोंदी गळून पडतात.

कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, असं विचारलं होतंस. त्यात फार वेळ घालवू नकोस. स्नॅपजीन, बेंचलिंग, एप, यूजीन यांपैकी लॅबमधले बाकीचे जे वापरतात तेच घे, म्हणजे अडलं की शेजारी विचारता येईल. प्रायमर (डीएनएची प्रत काढायला किंवा वाचायला सुरुवात करून देणारे छोटे तुकडे) काढणं, एन्झाइमच्या जागा दाखवणं, जोडणी करून पाहणं ही कामं या सगळ्यांत होतात.

मला खरं सांगायचंय ते वेगळंच आहे. तुला त्या तुकड्याकडून काय हवंय, हे सॉफ्टवेअरला माहीत नसतं. तू जोडायला सांगशील ते ते जोडतं. समज, जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाआधी तू लिंकर (दोन प्रथिनं जोडणारा छोटा दुवा) घातलास आणि त्यात एक अक्षर जास्त पडलं. तिथून पुढचे सगळे कोडॉन (एकेका अमिनो आम्लासाठीचे तीन-तीन अक्षरांचे गट) सरकले, २३८ अमिनो आम्लांचं प्रथिन बनायची शक्यताच संपली. नकाशावरचा हिरवा बाण मात्र होता तसाच दिसतो. दोन प्रथिनं जोडताना पहिल्याचा स्टॉप कोडॉन (प्रथिन इथे संपतं असं सांगणारा) काढायचा राहिला, तरी तेच. म्हणून प्रत्येक जोडाजवळ जा, दोन्ही बाजूंची साठेक अक्षरं उघड, खाली भाषांतराची, म्हणजे अमिनो आम्लांची, ओळ लाव आणि स्वतः वाच. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नकोस.

आपोआप लागलेल्या नावांवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नकोस. सॉफ्टवेअर आपल्या संग्रहातल्या ओळखीच्या तुकड्यांशी तुझा सीक्वेन्स ताडून पाहतं आणि जुळलं की नाव चिकटवतं. एखाद्या प्रोमोटरमधलं (जनुक सुरू करणाऱ्या तुकड्यातलं) एखादं अक्षर बदललेलं असलं, तरी नाव तेच लागू शकतं. शिवाय जुन्या फाइलमधल्या नोंदी एकाकडून दुसऱ्याकडे तशाच उतरत आलेल्या असतात. पीलॅनोटेट हे साधन तुकडा पूर्ण आहे की अर्धवट, हेही दाखवतं. दुसऱ्याकडून आलेलं प्लाझ्मिड त्यातून एकदा जरूर काढ.

तू डीएनएचे तुकडे जोडायची गोल्डन गेट पद्धत वापरणार आहेस, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. बीएसए-वन हे एन्झाइम जीजीटीसीटीसी ही सहा अक्षरं ओळखतं, पण कापतं त्यांच्या बाहेर, एक अक्षर सोडून, आणि चार अक्षरांचं मोकळं टोक ठेवतं. म्हणूनच तुकडे आपल्याला हव्या त्या क्रमाने जुळतात. आता हीच सहा अक्षरं तुझ्या जनुकाच्या पोटात असली, तर जनुक मधेच कापलं जाईल. शोधताना उलटी बाजू, म्हणजे डीएनएचा समोरचा धागा, विसरू नकोस. तिथली जागा तुला जीएजीएसीसी अशी दिसेल. सापडली तर अमिनो आम्ल न बदलता अक्षर बदल. जीजीटी, सीटीसी असे कोडॉन पडत असतील तर सीटीसीचं सीटीजी कर: ल्युसीन तसंच राहतं, एन्झाइमची जागा मोडते आणि ई. कोलाय या जिवाणूला सीटीजी चालतं, किंबहुना आवडतं. चार अक्षरांची टोकं निवडताना जीएटीसीसारखं समोरच्या धाग्यावर उलटून वाचलं तरी तेच राहणारं टोक घेऊ नकोस, कारण ते स्वतःलाच चिकटतं. हे सॉफ्टवेअर बहुधा सांगेल, पण ते का सांगतंय हे तुला कळायला हवं.

काही गोष्टी पडद्यावर सहज दिसत नाहीत. एक्सबीए-वन या एन्झाइमच्या टीसीटीएजीए या जागेनंतर लगेच टीसी आलं, की तिथे जीएटीसी तयार होतं, डॅम मिथायलेशन होतं (जिवाणूचं डॅम एन्झाइम तिथल्या ए अक्षरावर मिथाइल गट चढवतं) आणि ई. कोलायच्या नेहमीच्या स्ट्रेनमधून काढलेला डीएनए तिथे कापला जात नाही. काही सॉफ्टवेअर ही खूण दाखवतात, ती चालू करून ठेव. एकाच पेशीत दोन प्लाझ्मिड ठेवायची असतील तर त्यांचे ओरिजिन (जिथून प्लाझ्मिडची प्रत बनायला सुरुवात होते ते भाग) बघ. पीयूसी आणि पीईटी या प्लाझ्मिडांचे ओरिजिन एकाच घराण्यातले, ती एकत्र नीट टिकत नाहीत. एक पी-१५-ए ओरिजिनचं घे. एकच टर्मिनेटर (जनुकाचं वाचन थांबवणारा तुकडा) तीन ठिकाणी वापरणंही टाळ, सारख्या तुकड्यांमध्ये पुनर्संयोग होऊन मधला भाग गळू शकतो. नकाशात यातलं काहीच चुकीचं दिसणार नाही.

सेलोसारखी साधनं आहेत, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली, ज्यांत जनुकांच्या सर्किटचं वर्णन व्हेरिलॉग या इलेक्ट्रॉनिक्समधल्या भाषेत लिहिलं की डीएनएचा सीक्वेन्स मिळतो. फार सुंदर काम आहे. तिकडे जरूर जा, पण आधी एक साधी जोडणी कागदावर, दोन्ही धागे लिहून, कर.

क्लोन (जोडलेलं प्लाझ्मिड असलेली जिवाणूंची वसाहत) हाती आल्यावर सीक्वेन्सिंग करून घे. सँगर या नेहमीच्या पद्धतीच्या एका वाचनात साधारण ७०० ते ९०० अक्षरं नीट मिळतात आणि सुरुवातीची काही अक्षरं अस्पष्ट येतात, म्हणून प्रायमर जोडापासून थोडा लांब ठेव. शक्य असेल तर नॅनोपोर या लांब वाचनाच्या पद्धतीने पूर्ण प्लाझ्मिड वाचून घे. आलेला निकाल तुझ्या आराखड्याशी जुळवून बघ. फरक निघाला आणि तो क्लोन तरीही वापरायचा ठरला, तर खरा सीक्वेन्स फाइलमध्ये उतरव, नव्या तारखेने जतन कर आणि फ्रीझरमधल्या नळीवर जो क्रमांक असेल तोच त्या फाइलला दे.

कळावे,
तुझा मार्गदर्शक