त्या मंगळवारच्या तापाबद्दल

तुझं पत्र दोन पानी आहे आणि त्यातलं दीड पान दीर-जावेवर. नवऱ्याला लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, तीन केमो झाल्या, आणि दीड महिन्यात ते दोघं दोनदाच आले, तेही दारातून विचारपूस करून गेले, तर आता संबंध तोडून टाकू का असं विचारतेयस. आणि मध्येच एक ओळ: "मागच्या मंगळवारी, केमोला दहा दिवस झाले तेव्हा रात्री १०१ ताप होता, पण हे म्हणाले कुणाला उठवू नकोस, म्हणून तापाची गोळी दिली, सकाळी उतरला."

अगं, मी त्या ओळीवरच अडकले. दिराचं राहू दे बाजूला.

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी होतात, म्हणजे तुमचा दहावा दिवस बरोबर त्यातच आला. तेव्हा १०१ ताप एकदा जरी दिसला, किंवा १००.४ तासभर टिकला, तरी ती इमर्जन्सी असते, मध्यरात्र असली तरी. जंतूंशी लढणाऱ्या पेशीच नसतात ना, त्यामुळे पू होत नाही, सूजही फारशी दिसत नाही, बऱ्याचदा ताप हीच एकमेव खूण असते आणि गोळी देऊन तू तीच झाकलीस. गोळीने आकडा उतरतो, जंतू तिथेच राहतात. अशा पेशंटला हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू करायचं असतं, कारण उशीर झाला तर बीपी पडतं, लघवी कमी होते, माणूस बरळायला लागतो आणि मग थेट आयसीयू. यावेळी निभावलं, पण पुढच्या वेळी निभावेलच असं नाही.

आणि तू पाहुण्यांना मास्क लावायला लावतेस, दिवसातून दोनदा फरशी पुसतेस, चांगलंच आहे ते, पण यातले बरेचसे जंतू बाहेरून येतच नाहीत, पेशंटच्याच तोंडातले, आतड्यातले असतात, केमोने आतलं अस्तर सोललं जातं आणि तिथून ते रक्तात शिरतात.

नवऱ्याबद्दल "बिचारे कुणाला त्रास देत नाहीत" असं कौतुकाने लिहिलंयस. मला त्याचं अजिबात कौतुक वाटलं नाही, रागच आला. तापात उठवायचं की नाही हे त्यांनी ठरवायचंच नाही, ते तू ठरवायचं, आणि हे त्यांना आज तोंडावर सांग.

हे वाचून झालं की लगेच केमोच्या डॉक्टरांना फोन कर. पुढचा डोस सोमवारी आहे ना, त्याच्या आत त्यांना मंगळवारचा ताप कळायलाच हवा, ते रक्त तपासतील, कदाचित पेशी वाढवणारं इंजेक्शन देतील, डोसचं काय करायचं ते बघतील. त्याच फोनवर विचारून घे, रात्री ताप आला तर कुठे जायचं, आणि तो नंबर थर्मामीटरच्या डबीवर चिकटव. कॅज्युअल्टीत गेलीस तर पहिलं वाक्य हेच, "केमो चालू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला झाला, ताप आलाय." रांगेत बसून राहू नकोस.

तुमच्याकडे गाडी नाही, दिराकडे आहे, हेही तूच लिहिलंयस. मग रात्री दोनला लागली तर त्यालाच उठव.