‘राल्फ’चा अर्थ काय, आणि लिहायचं राल्फ, रॅल्फ की रेफ?

प्रश्न असा आहे: इंग्लंडच्या इतिहासावरचा मजकूर मराठीत आणताना ‘राल्फ’ हे नाव सारखं आडवं येतं. त्याचा अर्थ काय, आणि उच्चार कुठला खरा?

आधी अर्थ. हे जुन्या जर्मानिक भाषांतलं (इंग्रजी, जर्मन यांच्या पूर्वज भाषा) जोडनाव आहे. पहिला तुकडा ‘राड’, म्हणजे सल्ला, मसलत. दुसरा ‘उल्फ’, म्हणजे लांडगा. पण दोन्ही जोडून ‘लांडग्याचा सल्ला’ असा समास सोडवू नका. जर्मानिक लोक मानाचे दोन शब्द नुसते शेजारी ठेवून नाव घडवत. जयसिंह, मानसिंह यांत शेवटी सिंह येतो, तसा तिकडे लांडगा येई. रुडॉल्फ, अडॉल्फ, रँडॉल्फ ही त्याच घरातली नावं. आपल्या कानाला लांडगा म्हणजे कपटी वाटतो, तिथे तो लढवय्याचा प्राणी होता. ‘रॅफेल’शी मात्र राल्फचं काही नातं नाही, ते हिब्रू नाव आहे.

आता उच्चार, कारण खरा घोळ तिथेच होतो. १०६६ नंतर, फ्रान्समधून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन लोकांबरोबर हे नाव इंग्लंडभर पसरलं. लॅटिन दफ्तरांत ते ‘रादुल्फुस’ असं लिहीत. १०८६ च्या डूम्सडे बुकात (इंग्लंडच्या जमीनजुमल्याची सरकारी नोंदवही) या नावाचे ढीगभर लोक सापडतात. बोलताना मधला ‘द’ गळाला, मग ‘फ’च्या आधीचा ‘ल’ विरला (‘हाफ’ लिहिताना ‘ल’ असतो, बोलताना नसतो, तसाच), आणि ‘राउफ’ उरलं. फ्रेंच ‘सोफ’चं इंग्रजीत ‘सेफ’ झालं, त्याच वाटेने ‘राउफ’चं ‘रेफ’ झालं. म्हणजे ‘रेफ’ हा नखरा नाही, तो जुना, घरचा उच्चार आहे. उलट ‘रॅल्फ’ हा स्पेलिंगकडे बघून रुळलेला. १८७८ च्या ‘एच. एम. एस. पिनाफोर’ या ऑपेरेटात (विनोदी संगीतिकेत) गीतकार गिल्बर्टने या नावाचं यमक ‘वेफ’शी (बेवारस पोर) जुळवलंय, म्हणजे तेव्हाही रेफ कानावर होताच. मराठीत तो म्हणणं सोपं आहे: व्याकरणातला रेफ, फक्त ‘ए’ किंचित ‘एइ’कडे झुकवा आणि ‘फ’ला वरचे दात खालच्या ओठाला टेकवा.

त्यामुळे नाव लिहिण्याआधी माणूस कोण ते बघा. संगीतकार व्हॉन विल्यम्स (१८७२–१९५८) रेफ, नट फाइन्सही रेफ. पण नट रिचर्डसन रॅल्फ, आणि अमेरिकन माणूस असेल तर जवळपास नेहमीच रॅल्फ: लेखक एमर्सन, फॅशनवाला लॉरेन. आडनावांतही हे नाव लपलेलं आहे: रॉलिन्स, रॉलिन्सन, रॉसन. तिथे ‘ल्फ’ शोधत बसू नका, ती ‘राऊल’, ‘रॉ’ अशा रूपांवरून आली आहेत.

कथेत पात्राला हे नाव देणार असाल तर काळ सांभाळा. अमेरिकेत ते विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत अगदी घरोघरचं होतं, त्यामुळे १९८० च्या दशकात जन्मलेल्या अमेरिकन मुलाला ते आजोबांचं वाटतं. शिवाय तिथल्या पोरांच्या बोलीत ‘राल्फ’ हे ओकारीचं क्रियापद आहे. शाळेतला प्रसंग लिहिताना हे ठाऊक हवं. इंग्लंडमध्ये जुन्या नावांच्या नव्या हौसेत ते बाळांना पुन्हा ठेवतात.

राहिला आपल्या ओळखीचा राल्फ. लंडनचा व्यापारी राल्फ फिच १५८३ च्या अखेरीस कैदी म्हणून गोव्यात आणला गेला. त्याला जामिनावर सोडवायला मदत करणाऱ्यांत फादर थॉमस स्टीफन्स होते, ‘क्रिस्तपुराण’कर्ते. १५८४ मध्ये फिच गोव्यातून निसटून विजापूरकडे गेला. त्या काळी ‘रेफ’ सर्रास चाले, तरी मराठी वाचकाच्या डोळ्यांना ‘राल्फ फिच’ हेच सवयीचं आहे. ते बदलू नका; पहिल्या उल्लेखाला तळटीपेत ‘तत्कालीन उच्चार रेफ’ एवढं लिहा आणि पुढे सगळीकडे राल्फच ठेवा. एकाच मजकुरात दोन रूपं आली की वाचक दोन माणसं समजतो.